पाण्यातील ऊब : ज्येष्ठांनी वेटसूट निवडताना

दिवाळीला आठ दिवस उरले असताना आमच्या मलकापुरातील एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६८. रक्तदाबाची गोळी बारा वर्षांपासून चालू. मधुमेह नाही, हृदयविकाराचा पूर्वेतिहास नाही. तपासणी आटोपल्यावर त्यांनी काहीशा संकोचाने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. पुण्याचा मुलगा सर्वांना मालवणला नेणार होता, तेथे स्कूबा डायव्हिंग करावयाचे ठरले होते आणि त्यासाठी भरून द्यावयाची प्रकृतीविषयक प्रश्नावली त्याने पाठविली होती.

“चौतीस वर्षं पोरांना सिंधुदुर्ग शिकवला, डॉक्टर,” गुरुजी म्हणाले. “त्या तटाखालचा समुद्र एकदा आतून बघावा म्हणतो. पण मला गारठा सोसत नाही. आषाढात घरातसुद्धा घोंगडी पांघरून बसणारा माणूस मी. ते अंगाला चिकटणारं काळं कापड घालायला देतात म्हणे. त्यात ऊब राहते का, तेवढं सांगा.”

प्रश्नावलीतील बाकीच्या प्रश्नांची उत्तरे शोधणे सोपे होते. रक्तदाबाची नोंद, हृदयाचा आलेख, कोल्हापूरला जाऊन श्रमचाचणी, कानांची तपासणी, असा मार्ग ठरलेला आहे. गुरुजींच्या साध्या प्रश्नाला मात्र एका वाक्यात उत्तर देता येईना. आपल्या भागातील अनेक कुटुंबे हल्ली आंबा घाट उतरून मालवण, तारकर्ली, देवबाग गाठतात. मुले आणि नातवंडे हौसेने आजी-आजोबांचेही नाव नोंदवितात. श्वासाची नळकांडी, चष्मा, प्रशिक्षक यांविषयी सगळे विचारतात. पोशाखाविषयी कोणी विचारीत नाही. नावेत बसताना ढिगातून जो हाती येईल तो अंगावर चढविला जातो. तरुणाला त्याने फारसे बिघडत नाही. साठी ओलांडलेल्या शरीराच्या बाबतीत मात्र या पोशाखाची निवड हा प्रकृतीचाच भाग समजला पाहिजे. म्हणून हा लेख.

थंडी वाजते, पण उशिरा कळते

मालवणच्या किनाऱ्यावर डायव्हिंगचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो. त्या काळात तेथील पाणी हिवाळ्यातही सुमारे २६ ते २८ अंश सेल्सिअस असते. हा आकडा ऐकून आपणांस वाटेल, यात कसली थंडी? खोलीचे तापमान २७ अंश असेल, तर आपण पंखा लावतो. परंतु पाणी हे हवेच्या तुलनेने सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. स्वस्थ असलेल्या उघड्या शरीराला पाण्यात थंडी किंवा उष्णता जाणवू नये, तर ते पाणी ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असावे लागते. म्हणजे मालवणचे ‘कोमट’ पाणीही अंगातील ऊब सतत काढून घेत असते.

तरुण शरीर याला दोन प्रकारे तोंड देते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे उष्णता आत राखली जाते. आणि स्नायू थरथरू लागतात, त्यामुळे नवी उष्णता निर्माण होते. वय वाढते तसे हे दोन्ही उपाय मंदावतात. स्नायूंचे वस्तुमान घटते, त्वचेखालील चरबीचा थर विरळ होतो आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थंडीची जाणीवच बोथट होते. शरीर थंड झालेले असते. पण ‘मला गारठा वाजतो आहे’ हे मनाला उशिरा कळते. त्यामुळे “थंडी वाजली की सांगीन” हा भरवसा ज्येष्ठांनी ठेवू नये. बोटे बधिर होणे, बोलणे अडखळणे, विनाकारण चिडचिड किंवा सुस्ती येणे ही चिन्हे बरोबरच्या माणसाने ओळखावयाची असतात.

काही औषधे यात भर घालतात. रक्तदाबासाठी किंवा छातीतील धडधडीसाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे हातपाय गार पाडतात आणि श्रम करताना हृदयाची गती वाढू देत नाहीत. झोपेच्या गोळ्या गुंगी आणतात. नाव लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनीही गुंगी येते, शिवाय प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांना त्यांमुळे लघवी अडण्याचा धोका असतो. आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखविल्याशिवाय पाण्यात उतरण्याचा बेत पक्का करू नये.

गुडघ्याचा पट्टा आणि घोंगडी

वेटसूट ज्या कापडाचा असतो, ते बहुतेकांच्या घरात आधीच असते. गुडघ्याला किंवा कमरेला बांधण्याचा जाडसर, काळा, रबरासारखा पट्टा आठवा. तो पुष्कळदा निओप्रीनचाच असतो. हे कृत्रिम रबर १९३० मध्ये अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. पाणबुड्यांच्या पोशाखासाठी त्याचा उपयोग करण्याची कल्पना १९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी पुढे आणली. माणूस पाण्यात कोरडा राहिलाच पाहिजे असे नाही, भिजलेल्या अंगालाही ऊब राखता येते, हे त्यांचे मूळ सूत्र होते.

शाहूवाडीच्या माणसाला हे सूत्र नवे वाटू नये. भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडची माणसे घोंगडीची खोळ घेऊन दिवसभर शिवारात उभी असतात. घोंगडी भिजते, जड होते, तरी तिच्या लोकरीत अडकलेली हवा अंगाची ऊब राखते. निओप्रीनमध्ये वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे बंदिस्त असतात आणि तेच उष्णता अडवितात. पोशाख आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ थर शिरतो आणि अंगाच्या उष्णतेने कोमट होतो. हा थर जागच्या जागी राहिला, तर ऊब टिकते. पोशाख सैल असेल, तर प्रत्येक हालचालीबरोबर कोमट पाणी बाहेर जाते, नवे गार पाणी आत येते आणि ते तापविण्यासाठी शरीराची उष्णता पुन्हा खर्ची पडते. भोके पडलेली घोंगडी कितीही जाड असली तरी उपयोगाची नसते, तसेच हे आहे.

जाडी किती असावी?

वेटसूटची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. अर्ध्या बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा तोकडा पोशाख मालवणच्या पाण्यात तरुणांना पुरतो. ज्येष्ठांनी मात्र मनगटापासून घोट्यापर्यंतचा पूर्ण पोशाख मागावा आणि तो किमान ३ मिलिमीटर जाडीचा असावा. ज्यांना मुळात गारठा सोसत नाही किंवा ज्यांची शरीरयष्टी किडकिडीत आहे, त्यांनी ५ मिलिमीटरचा विचार करावा. ७ मिलिमीटरचे पोशाख थंड देशांतील पाण्यासाठी असतात. आपल्या समुद्रात त्यांची गरज नाही.

“मग सर्वांत जाड असेल तोच द्या” असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. जाड पोशाख ताठर असतो. त्यात खांदे आणि गुडघे वाकविताना जोर लागतो, श्वास घेताना छातीला अधिक श्रम पडतात. शिवाय बुडबुड्यांमुळे तो तरंगतो. माणसाला खाली नेण्यासाठी मग कमरेला शिशाची अधिक वजने बांधावी लागतात आणि ज्यांचा मणका आधीच दुखरा आहे, त्यांना नावेत चढता-उतरताना ती जाचतात. जाडी एकदम वाढविण्यापेक्षा आत घालण्याची निओप्रीनची बिनबाह्यांची बंडी अनेकदा सोयीची ठरते. तिला डोक्याची टोपी जोडलेली असेल तर फारच उत्तम, कारण विरळ केसांच्या डोक्यातून बरीच उष्णता निसटते.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. खोल जावे तसा पाण्याचा दाब वाढतो, निओप्रीनमधील बुडबुडे आकसतात आणि पोशाखाची ऊब कमी होते. पुष्कळ वापरून चपटा व मऊ पडलेला जुना पोशाखही असाच थंड असतो. चिमटीत धरून दाबावा. सोडताच कापड चटकन फुगून पूर्ववत झाले, तर त्यात अजून जीव आहे असे समजावे.

माप घेताना : मोकळा श्वास ही पहिली कसोटी

पोशाख अंगासरसा असावा, पण किती? या प्रश्नावर ज्येष्ठांची सुरक्षितता अवलंबून आहे. पाण्यात शरीर बुडाले की हातापायांतील रक्त छातीकडे सरकते. हृदय आणि फुप्फुसे यांवर त्यामुळे आधीच भार येतो. त्यात घट्ट पोशाखाने बाहेरून आवळले, तर तो भार वाढतो. उच्च रक्तदाबाच्या किंवा वयस्क व्यक्तींमध्ये क्वचित प्रसंगी फुप्फुसांत पाणी साचून दम लागतो. ही स्थिती जिवावर बेतू शकते. पोशाखाची मान फार घट्ट असेल, तर मानेतील मुख्य रक्तवाहिनीजवळच्या संवेदनशील भागावर दाब येऊन नाडी मंदावते, चक्कर येते, कधी शुद्धही हरपते.

यासाठी नावेत बसण्यापूर्वी, जमिनीवरच, पुढील कसोट्या घ्याव्यात.

पहिली, श्वासाची. साखळी पूर्ण लावून पाच वेळा खोल श्वास घ्यावा. छाती मोकळेपणाने फुगली पाहिजे.

दुसरी, मानेची. गळपट्टी आणि मान यांच्यामध्ये एक बोट सहज सरकले पाहिजे. मान डावी-उजवीकडे वळवून पाहावी. डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज घोगरा होतो किंवा गिळताना अडखळते असे जाणवल्यास तो पोशाख तत्क्षणी उतरवावा.

तिसरी, पोकळीची. कमरेचा खळगा, काखा आणि जांघ या तीन ठिकाणी कापड अंगापासून सुटता कामा नये. तेथे फुगवटा दिसला, तर गार पाणी तेथूनच खेळणार.

चौथी, हालचालीची. दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, खुर्चीवर बसून उठावे. मनगटे आणि घोटे यांवर कापड नीट बसावे; पण बोटांना मुंग्या येऊ नयेत.

पाचवी, वेळेची. पोशाख घालून पाच मिनिटे सावलीत बसावे. पहिल्या मिनिटाला सुसह्य वाटणारा घट्टपणा पाचव्या मिनिटाला गुदमरविणारा ठरू शकतो.

पाचांपैकी पहिल्या दोन कसोट्यांत तडजोड नाही. किंचित सैल पोशाखाने थोडा गारठा वाजेल. पाण्यातील वेळ कमी करून तो आवरता येतो. अडलेला श्वास मात्र पाण्याखाली आवरता येत नाही. योग्य माप मिळाले नाही, तर किनाऱ्यावर बसून नातवंडांची गंमत पाहण्यात कोणताही कमीपणा नाही.

घालताना व काढताना : सोबत्यांसाठी

वेटसूट घालणे हे स्वतःच एक श्रमाचे काम आहे. मी स्वतः पन्नाशीनंतर प्रथमच तो घातला, तेव्हा पाण्यात उतरण्याआधीच माझ्या कपाळावर घाम आला होता. संधिवाताची बोटे आणि आखडलेला खांदा असलेल्या माणसाने पाठीवरच्या साखळीशी एकट्याने झुंजू नये. शक्य असल्यास पुढून साखळी असलेला, मनगटे व घोटे यांनाही लहान साखळ्या असलेला पोशाख मागावा.

बसून घालावा. पाय आणि पोशाख ओले करून घेतल्यास तो सुलभतेने सरकतो. पायात नायलॉनचा पातळ मोजा चढविला, तर आणखी सोपे जाते. व्हॅसलिनसारखे पेट्रोलियमयुक्त मलम मात्र लावू नये. त्याने निओप्रीन खराब होते. सोबत्याने कापड नखांनी न ओढता बोटांच्या पेरांनी वर चढवावे. वयस्कांची त्वचा कागदासारखी पातळ असते. रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची औषधे चालू असतील, तर साध्या ओढाताणीनेही काळेनिळे डाग पडतात. घाई करू नये. पंधरा मिनिटे हाताशी ठेवावीत आणि मध्ये दम घ्यावा.

भर उन्हात, नावेवर, संपूर्ण पोशाख चढवून तासभर बसवून ठेवणे हेही चुकीचे. अंग तापते, घाम जातो, आणि लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी अधिकच कमी होते. ठिकाण जवळ येईपर्यंत तो कमरेपर्यंतच चढवून ठेवावा.

त्वचा, पाय आणि लघवी

गुडघ्याच्या पट्ट्याने ज्यांना खाज सुटते किंवा पुरळ उठते, त्यांना वेटसूटनेही तसा त्रास होण्याचा संभव आहे. निओप्रीन बनविताना वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांची ही अॅलर्जी असते. अशांनी आत लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पातळ अंगरखा घालावा. भाड्याच्या पोशाखाबाबत तर हा अंगरखा सर्वांनीच घालावा. दमट राहिलेल्या पोशाखातून गजकर्णासारखे बुरशीचे विकार होऊ शकतात. पोशाखाला कुबट वास येत असेल, तर दुसरा मागावयास संकोच करू नये. स्वतःचा पोशाख असेल, तर वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, उलटा करून सावलीत वाळवावा.

मधुमेहींनी पायांची विशेष काळजी घ्यावी. त्या किनाऱ्याच्या खडकांवर कालवांची धारदार कवचे असतात आणि बधिर पायाला जखम झालेली कळत नाही. निओप्रीनचे मोजेवजा बूट नावेत चढता-उतरतानाही पायांत असू द्यावेत. उतरण्यापूर्वी साखर तपासावी, उपाशीपोटी उतरू नये.

पाण्यात शरीर बुडाले की मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करतात. हा निसर्गनियम आहे, व्यंग नव्हे. या भीतीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः महिला, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तसे करू नये. पाणी नेहमीप्रमाणे प्यावे आणि पोशाख चढविण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. पाण्यातील मुक्काम थोडा ठेवला, की प्रश्न उरत नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर

खरा गारठा पुष्कळदा बाहेर आल्यावरच गाठतो. ओल्या पोशाखावरून वारा वाहू लागला, की पाण्याची वाफ होताना अंगातील उष्णता जाते. नाव वेगात परतत असते, वारा अडविण्यास काही नसते आणि सोबतचे सगळे छायाचित्रे पाहण्यात दंग असतात. ज्येष्ठ व्यक्तीचा पोशाख लगेच कमरेपर्यंत उतरवावा, अंग टिपावे, कोरडा सदरा, कानटोपी आणि वारा अडविणारे जाकीट घालावे. गरम चहा किंवा आल्याचे पाणी थर्मासमध्ये न्यावे. ऊब येण्यासाठी मद्य घेणे सर्वस्वी चूक. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या फुलतात आणि उष्णता अधिकच बाहेर जाते.

घाटमाथ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी एक सूचना आणखी. पाण्याखाली जाऊन आल्यावर लगोलग उंचावर जाणे टाळावयाचे असते. विमानप्रवासाला जो नियम, तोच थोड्या प्रमाणात घाटालाही लागू पडतो. उथळ डुबकीत धोका अल्प असला, तरी त्या रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाट चढावा. थकल्या शरीरालाही तेच मानवते.

पाण्यात असताना किंवा बाहेर आल्यावर दम लागणे, सतत खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी, छातीत दुखणे यांपैकी काहीही झाल्यास तात्काळ पाण्याबाहेर आणून पोशाख सैल करावा, आवश्यक तर कापावा. रुग्णाला आडवे न करता बसते ठेवावे, प्राणवायू द्यावा आणि रुग्णालयात न्यावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, अनियंत्रित रक्तदाब, दमा किंवा आकडीचा विकार असलेल्यांनी स्कूबाचा आग्रह धरू नये.

ज्यांना समुद्रात जावयाचेच नाही, त्यांनाही या माहितीचा उपयोग आहे. गुडघेदुखीसाठी तरणतलावात व्यायाम सांगितला, की पुष्कळ आजी-आजोबा “पाणी गार असते” म्हणून चार दिवसांत सोडून देतात. दोन मिलिमीटर निओप्रीनचे साधे जाकीट त्यांचा व्यायाम टिकवून धरू शकते. त्याची निवडही याच कसोट्यांनी करावी.

आता गुरुजींविषयी. श्रमचाचणी व्यवस्थित झाली आणि ते कुटुंबासह मालवणला गेले. पहिल्या दिवशी मिळालेल्या पोशाखाची मान घट्ट होती. मुलगा म्हणाला, “पाण्यात सैल होईल, बाबा.” गुरुजींनी गळपट्टीत बोट घालून पाहिले, ते शिरेना. त्यांनी पोशाख उतरवून ठेवला आणि त्या दिवशी ते नावेतच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने मोठ्या मापाचा पोशाख शोधून आणला. गुरुजी दहा-बारा मिनिटे पाण्याखाली होते.

परत आल्यावर ते दवाखान्यात आले, तेव्हा मी विचारले, “ऊब राहिली का?”

“आत राहिली,” ते म्हणाले. “तट काही दिसला नाही, पाणी गढूळ होतं. पण पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी हाताला लागतील इतक्या जवळून गेले. थंडी वाजली ती परत येताना, नावेवर. तुम्ही जाकीट न्यायला सांगितलं होतं, मी घोंगडी नेली होती. सून लाजत होती. मग नातवाला हुडहुडी भरली, आणि तोही आत येऊन बसला.”